वर आलेला खांब : सांगलीतल्या एका फोर-पोस्ट लिफ्टचं प्रकरण

ऑगस्टचा दुसरा आठवडा, पाऊस नुसता धरून बसलेला. सांगलीहून फोन आला, "मिस्त्री, लिफ्ट तुमी बसवल्याली न्हाई, म्हाईत हाय मला. पण एकदा येऊन बगा. अलाइनमेंट करून दिल्याली हरेक गाडी डावीकडं ओढतीया."

हरेक गाडी, आणि तीही डावीकडेच. गॅरेजमध्ये गाड्या उचलायच्या लिफ्ट बसवणं हा माझा धंदा, आणि अलाइनमेंट म्हणजे चाकांचे कोन जुळवणं. मी मिरजेला राहतो, अर्ध्या तासाचं अंतर. एरवी म्हटलं असतं रविवारी येतो. पण गाड्याच बिघडलेल्या असत्या तर काही डावीकडे ओढल्या असत्या, काही उजवीकडे. सगळ्या एकाच अंगाला जायला लागल्या की गाडीखालचं काय ते बघावं लागतं. त्याच दुपारी निघालो.

गॅरेज कोल्हापूर रस्त्याच्या बाजूला. मालक साठीला टेकलेले, सगळा भाग त्यांना अण्णा म्हणतो, मीही तेच म्हणतो. थोरला मुलगा आयटीआय करून बापाच्या हाताखाली आलेला. लिफ्ट घ्यायची हौस त्याची. चार टनी फोर-पोस्ट लिफ्ट, म्हणजे चार खांब, दोन लांब ट्रॅक, एका ट्रॅकच्या पोटात सिलिंडर, आणि त्या एकाच सिलिंडरने ओढले जाणारे चार वायर रोप, खांबागणिक एक. पुढच्या चाकांखाली टर्नटेबल, म्हणजे फिरत्या तबकड्या. चाकांना अडकवायची सेन्सरची मुंडकी, शेजारी कॉम्प्युटर. मे महिन्यात विक्रेत्याच्या दोन पोरांनी येऊन दोन दिवसांत सगळं उभं करून दिलं होतं. जून बरा गेला, जुलैच्या मध्यापासून तक्रारी सुरू झाल्या.

मी जाण्याआधी काय काय झालं होतं तेही सांगतो, कारण यातच बहुतेक गॅरेजवाल्यांचे पैसे जातात. सेन्सर दोनदा कॅलिब्रेट झाले. अलाइनमेंट करणाऱ्या पोराला बोलणी बसली, तो काम सोडून गेला. गिऱ्हाइकांना टायर बदलायला सांगून झालं. आणि रस्त्यालाही दोष देऊन झाला. त्यात तथ्य नव्हतं असं नाही. आपल्याकडे रस्ता मधे उंच आणि कडेला उतरता असतो, आपण डाव्या बाजूने चालवतो, त्यामुळे सरळ गाडीसुद्धा स्टिअरिंग सोडलं की हळूच डावीकडे सरकते. या एका गोष्टीने महिनाभर सगळ्यांच्या डोळ्यात धूळ टाकली. गाड्या उजवीकडे ओढत असत्या तर पहिल्याच आठवड्यात कुणीतरी चमकलं असतं.

गाडी उलटी चढवली

अण्णांची स्वतःची हॅचबॅक घेतली. लिफ्टवर नेहमीसारखी चढवून खटक्यांवर, म्हणजे खांबातल्या लॉकवर टेकवली, आणि पुढच्या दोन्ही चाकांच्या रिमला डिजिटल अँगल गेज लावून कॅम्बर, म्हणजे चाकाचा माथा आत किंवा बाहेर किती झुकलाय तो कोन, लिहून घेतला. मग गाडी उतरवली, बाहेर नेऊन वळवली आणि मागच्या अंगाने वर घेतली. पुन्हा तीच चाकं, तेच गेज.

पहिल्या वेळी डाव्या-उजव्या चाकाच्या कॅम्बरमध्ये तीस मिनिटांच्या वर फरक होता. (अर्धा अंश म्हणजे तीस मिनिटं.) उलट चढवल्यावर तोच फरक दहाच्या आत आला. गाडी तीच, चाकं तीच, हवा तेवढीच. बिघाड चाकांबरोबर फिरला असता तर गाडीचा होता. तो जागेवरच राहिला, म्हणजे लिफ्टचा. अलाइनमेंटची लिफ्ट असलेल्या प्रत्येकाने ही चाचणी दर पावसाळ्यात एकदा करावी. खर्च काही नाही, अर्धा तास जातो.

मग पाण्याची नळी काढली. लेझर माझ्याकडे आहे, पण मिलिमीटरच्या भांडणात मला गवंड्याची पारदर्शक नळीच बरी वाटते. पाणी कुणाची बाजू घेत नाही. इथे नशीब असं की मेमध्ये बसवणाऱ्या पोरांनी काम नीट केलं होतं. शेजारच्या दुमजली इमारतीच्या आरसीसी खांबावर एक खूण धरून, तिथून नळीने पातळी आणून, लिफ्टच्या चारही खांबांवर लाल मार्करने रेघ मारलेली होती. मुलाच्या मोबाइलमध्ये त्याचे फोटोही होते. मेमध्ये चारही रेघा एका पातळीत होत्या यात शंका नाही. त्या पोरांना मी नावं ठेवणार नाही. ते दोनच गोष्टी बघायला विसरले : कोब्याच्या खाली काय आहे, आणि डोक्यावर काय आहे. डोक्यावरचं पुढे येईल.

अण्णांनी आधीच निकाल दिला होता. "कुठला तरी खांब खचलाय बगा. उजवीकडचा मागचा आसंल, तिकडं वॉशिंगचं पाणी जातंय."

शेजारच्या इमारतीच्या खुणेपासून मोजलं. उजवीकडचा मागचा जागेवर. उजवीकडचा पुढचा, डावीकडचा मागचा, दोन्ही दीड-दोन मिलिमीटरच्या फरकात. डावीकडच्या पुढच्या खांबाची रेघ मात्र तब्बल १८ मिलिमीटर वर.

अण्णांनी नळी हातात घेऊन स्वतः पुन्हा बघितलं. "वर? लोखंडाचा खांब वर कसा यील ओ?"

अठरा मिलिमीटरचं गणित

आधी या १८ मिलिमीटरने गाडीचं काय होतं ते बघू. खांबांमधलं आडवं अंतर तीन मीटर, उभं ४.६ मीटर. एक कोपरा १८ ने वर गेला की ट्रॅक पिळले जातात. पुढची चाकं पुढच्या बीमपासून साधारण एक मीटर मागे येतात, तिथे १८ पैकी १४ मिलिमीटर उरतात. तीन मीटरला १४ म्हणजे सोळा मिनिटांचा कल. सेन्सरची ही मुंडकी कॅम्बर मोजतात ती ओळंब्याच्या हिशोबाने. गाडी उजवीकडे कललेली असल्यामुळे डावं चाक सोळा मिनिटं आत झुकलेलं दिसतं, उजवं सोळा मिनिटं बाहेर. ऑपरेटर इमानदारीत ते "दुरुस्त" करतो आणि पडदा हिरवा होतो. गाडी सपाट रस्त्यावर आली की तीच दुरुस्ती उलटी पडते : डाव्या चाकाचा माथा बाहेर, उजव्याचा आत, फरक बत्तीस मिनिटांचा. ज्या बाजूचा कॅम्बर जास्त पॉझिटिव्ह, म्हणजे माथा जास्त बाहेर, त्या बाजूला गाडी ओढते. म्हणजे पडद्यावर हिरवी दिसलेली गाडी इथूनच वाकडी होऊन जात होती.

आता खांब वर कसा आला. कोबा फोडून एक भोक घेतलं. काही ठिकाणी चार इंच, या कोपऱ्यात जेमतेम अडीच, खाली शहाबादी फरशीचे तुकडे, आणि त्याखाली काळी माती. पोस्ट-होल ऑगरने सात फूट गेलो तरी काळीच. कृष्णाकाठची ही माती ऊस-हळदीला सोनं, बांधकामाला डोकेदुखी. बेसाल्टपासून झालेल्या या मातीतली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते. एप्रिल-मेमध्ये रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्या याच. फुगताना ही माती चौरस सेंटिमीटरला एक किलोच्या पुढे सहज रेटा देते. आणि आपल्या लिफ्टचं वजन किती? स्वतःचं बाराशे किलोच्या आसपास, वर नऊशेची हॅचबॅक, मिळून एकवीसशे. खांबामागे सव्वापाचशे किलो. ३० बाय २५ सेंटिमीटरच्या प्लेटवर वाटलं तर चौरस सेंटिमीटरला पाऊण किलोही होत नाही, आणि कोब्यातून मातीपर्यंत पोचताना ते आणखी पसरतं. मातीने खांबाला उचललं यात नवल काही नाही.

मग चारपैकी एकच का? मागचा उजवा खांब वॉशिंगच्या कडेला, तिथली माती मेमध्येसुद्धा ओलीच, म्हणजे आधीच फुगलेली; तिला पावसाळा नवा नव्हता. पुढचा डावा कोपरा शेडच्या उघड्या अंगाला. वर बघितलं तर पत्र्याची पन्हळ तिथेच तुटलेली, आणि दोन महिने सगळ्या पागोळ्या खांबापासून हातभर अंतरावर पडत होत्या. मेमध्ये तो कोपरा सगळ्यात कोरडा होता, जुलैत सगळ्यात ओला.

इथे एक गैरसमज सांगून टाकतो. टू-पोस्ट लिफ्टला जमीन बघावी लागते, फोर-पोस्टला काही लागत नाही, असं आमच्याच धंद्यात बोललं जातं. टू-पोस्टमध्ये गाडी खांबांच्या हातांवर लटकते, खांब आडवा व्हायला बघतो, सगळा जीव बोल्टांवर. फोर-पोस्टमध्ये वजन सरळ खाली. म्हणून गाडी पडण्याची भीती कमी, एवढंच त्यातलं खरं. नुसतं ऑइल बदलायचं, सायलेन्सर काढायचा असेल तर १८ मिलिमीटरने काही बिघडत नाही. अलाइनमेंट करायची असेल तर दोन मिलिमीटरवर भांडावं लागतं.

उपाय कोणता

सोपा उपाय पोरांनी जुलैअखेर एकदा करून झाला होता : खटके ज्यात अडकतात त्या खांबातल्या लॉक-पट्टीचा वरचा नट फिरवून तो कोपरा खाली घेतला. पंधरा दिवस ठीक चाललं, माती आणखी फुगली, पुन्हा तेच. मी मोजलेले १८ तळाच्या रेघेचे होते. नट फिरवायला जागा उरली नव्हती म्हणून शेवटी त्यांनी तो परत मूळ जागी नेला होता. आणि समजा पॅकिंगचे पत्रे घालून ऑगस्टमध्ये चारही खांब जुळवले असते, तर मार्चमध्ये माती आकसून तोच खांब खाली गेला असता आणि गाड्या उजवीकडे ओढायला लागल्या असत्या.

मुलाचं म्हणणं, चार खांबांना चार खोल फुटिंग घेऊ. सात फुटांवरही मुरूम लागत नाही, किती खोल जाणार? आणि वरच्यावर चार स्वतंत्र ठोकळे केले तर चार कोपऱ्यांची चार मर्जी तशीच राहते. मी म्हटलं, एकच जाड स्लॅब. जमीन पूर्ण थांबवणं आपल्या खिशाचं काम नाही. पण अलाइनमेंटला सगळी लिफ्ट मिळून पाच मिलिमीटर वर आली तरी फरक पडत नाही. एकट्यादुकट्या खांबाने वेगळं वागू नये, एवढंच हवं.

गणपती झाल्यावर लिफ्ट उतरवली. अठरा फूट बाय तेरा फूट, साडेतीन फूट खोल. खड्डाच आठ ब्रासच्या वर. (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट.) शेडच्या एका खांबाच्या जवळून जात होतो म्हणून अर्धा-अर्धा खोदला. तळापासून अडीच फूट मुरूम, सहा-सहा इंचांचे थर, हलकं पाणी, प्रत्येक थरावर धुमस. साडेसात ब्रास मुरूम बसला. मुरूम आणताना कोणताही चालत नाही : मऊ, थोडा चिकटणारा, पण स्वतः न फुगणारा हवा. काळ्या मातीवर असा न फुगणारा थर घालायची पद्धत आयआयटी मुंबईच्या प्रा. आर. के. कट्टी यांनी अभ्यासातून मांडली, कर्नाटकात मलप्रभेच्या कालव्याच्या कामात ती वापरली गेली. आमच्या खड्ड्याला एवढं मोठं नाव देण्याची गरज नाही, पण तत्त्व तेच.

मुरमावर तीन इंच पीसीसी, म्हणजे बिनसळईचं साधं काँक्रीट, त्यावर आठ इंच स्लॅब, दहा एमएमच्या सळईची सहा इंचांवर जाळी, खाली एक, वर एक. काँक्रीट एम-२०, म्हणजे एक सिमेंटला दीड वाळू, तीन खडी. पस्तीस पोती सिमेंट गेलं. स्लॅब आणि जुना कोबा यांच्यात थर्माकोलची फट ठेवली, म्हणजे कोबा वर आला तर स्लॅबला ओढणार नाही.

आता यातली खरी मेख. काळ्या मातीत मुरमाचा खड्डा म्हणजे मातीच्या घमेल्यात वाळू. वरून गेलेलं पाणी मुरमातून पटकन उतरतं आणि खालच्या मातीवर साचून राहतं. चांगला मुरूम भरून पाण्याची वाट मोकळी ठेवली तर आधीपेक्षा वाईट. म्हणून ती फट वरून डांबराने बुजवली, वॉशिंगचा उतार फिरवून पाणी विरुद्ध बाजूच्या गटारात काढलं, आणि पन्हळ बदलली. खरं सांगायचं तर पन्हळ मेमध्येच बदलली असती तर निम्मं दुखणं आलंच नसतं.

दसरा आणि अठ्ठावीस दिवस

स्लॅब पडला तेव्हा खंडेनवमीला अठरा दिवस होते. अण्णांचं एकच, "पूजेला लिफ्ट उभी पायजे. हत्यारांची पूजा आन् सगळ्यात मोठं हत्यार सुटं पडल्यालं, हे बरं दिसंना." काँक्रीट सात दिवसांत दोन तृतीयांशाच्या आसपास ताकद धरतं, पुढची सावकाश, अठ्ठावीस दिवसांवर हिशोब. खांब जमिनीला धरायचा बोल्ट, म्हणजे फास्टनर, हा पाचर असतो. कोवळ्या काँक्रीटमध्ये आवळला की तोच काँक्रीटला आतून फोडतो. शेवटी तडजोड झाली : खांब उभे करायचे, ट्रॅक ठेवायचे, नारळ फोडायचा, पण बोल्ट नाही आणि गाडी नाही. झेंडूचे हार घातलेली लिफ्ट दहा दिवस नुसती उभी होती. रोज कुणीतरी विचारायचं, बंद पडली काय?

बाकीचं बसवणं नेहमीचं, भराभर सांगतो. दोन्ही कर्ण ५.४९ मीटर जुळवले, नुसत्या बाजू मोजून चालत नाही. खांब ओळंब्यात. सोळा एमएमचे सोळा फास्टनर, भोकातली धूळ फुंकून काढून. एक भोक सळईवर आलं, ते दोन बोटं सरकवून केमिकल अँकर, म्हणजे रसायनाने चिकटवायचा बोल्ट, घातला. रोपचे नट असे आवळले की वर जाताना चारही खटके एका सुरात वाजावेत. नवा रोप पहिल्या महिन्यात ताणतो, तेव्हा पुन्हा जाऊन आवळला. काम खटक्यांवर टेकवूनच करायचं, रोपवर लटकत ठेवून नाही, आणि उतरवताना आधी थोडं वर घेऊन खटके मोकळे झालेले डोळ्यांनी बघायचे. मोटर जोडली तर फिरते पण ट्रॅक हलेना : उलटी फिरत होती. दोन फेज अदलाबदल केल्या. अशी उलटी मोटर जास्त वेळ चालवली तर पंप जातो. संध्याकाळी एखादी फेज जाते म्हणून शेतातल्या मोटरीला लावतात तसा सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर, म्हणजे फेज गेली की मोटर बंद करणारं उपकरण, इथेही लावला.

आता डोक्यावरचं. लिफ्ट १.८ मीटरपर्यंत जाते. बोलेरोची उंची १.८८ मीटर. बेरीज ३.६८. शेडच्या कैचीचा खालचा अँगल बारा फुटांवर, म्हणजे ३.६६ मीटर. दोन सेंटिमीटरने टक्कर, तीही टपावर कॅरिअर नसेल तर. आणि या भागात बिनकॅरिअरची बोलेरो शोधावी लागते. मेपासून पूर्ण उंचीवर बोलेरो गेली नाही हा निव्वळ योगायोग. लिमिट स्विच खाली घेऊन उंची दीड मीटरवर थांबवली. मुलगा नाराज झाला, तो सहा फुटी आहे, त्याला वाकून काम करावं लागतं.

अण्णांचा शेवटचा प्रश्न पुराचा होता. २०१९ला आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या आसपास गेली होती, या शेडमध्ये पाणी छातीच्या वर होतं. पॉवर पॅक, म्हणजे मोटर, पंप आणि तेलाची टाकी, खांबावर चार फुटांवर बसतो, म्हणजे बुडणारच. तो आणखी वर चढवण्यापेक्षा सुटा करायची सोय केली : वायरला प्लग-सॉकेट, पॅकला चार बोल्ट, होजच्या तोंडांना लावायची बुचं दोरीने तिथेच बांधलेली. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. चाळीस ऐकलं की पॅक काढून माळ्यावर, असं ठरलं आहे.

पुढचं वर्ष

मेमध्ये नळी घेऊन गेलो. चारही खांब एका मिलिमीटरच्या फरकात. ऑगस्टमध्ये पुन्हा गेलो : शेजारच्या इमारतीच्या खुणेपासून अख्खा स्लॅब चार मिलिमीटर वर आला होता, पण खांबाखांबांत दोनपेक्षा जास्त फरक नव्हता. गाडी सरळ आणि उलट चढवून बघितली, आकडे जुळले. आदल्या पावसाळ्यात वाकड्या करून दिलेल्या गाड्यांपैकी ज्यांचे नंबर वहीत होते, त्या सगळ्यांना अण्णांनी फोन करून फुकट अलाइनमेंट करून दिली होती. निम्म्यांना आपली गाडी ओढते हे कळलंही नव्हतं.

एक कुरबूर मात्र राहिली. स्लॅबच्या बाहेरचा जुना कोबा पावसात आपल्या मर्जीने वर येतो आणि फटीवर बोटभर उंचवटा होतो. चढताना गाडीला तिथे हिसका बसतो. कोबा तोडून काढा म्हणून मी दोनदा सांगितलं. अण्णा म्हणाले, "ऱ्हाऊ द्या ओ. दिवाळीला बसतोय परत खाली."